पस्तान्याचं गाठोडं

१

मी बॉयलरवरचा माणूस. वाफेचा काटा दाखवतो ते खरं, बाकी सगळ्या गप्पा, असा माझा स्वभाव. पिंपरीला औषधांचा नवा कारखाना उभा राहिला तेव्हा पहिल्या भरतीत मी लागलो आणि दोन वर्षांत बॉयलर-घराचा फोरमन झालो. छप्पन्न साली नव्या यंत्रांचं काम शिकायला एक माणूस वर्षभरासाठी स्वीडनला पाठवायचं ठरलं, तेव्हा साहेबांनी माझं नाव दिलं. सगळ्यांनी पाठ थोपटली. मला जायचं नव्हतं, हे मात्र कुणाला सांगता आलं नाही.

कारण होतं अंबू. माझी चार वर्षांची मुलगी. जन्मापासून ती ओतूरला आजोळी वाढली, कारण इथं आमच्याच बिऱ्हाडाचा पत्ता नव्हता. चिंचवड गावात दोन खोल्या मिळाल्या आणि गेल्या दिवाळीला माझी बायको सुमन तिला घेऊन आली. पहिले दोन महिने पोरगी मला बघितलं की दाराआड उभी राहायची. एक डोळा तेवढा दिसायचा. आता कुठं ती माझ्या मांडीवर बसून जेवायला लागली होती. वर्षभरानं परत आल्यावर ती पुन्हा त्याच दाराआड जाईल, हा विचार मला सोडत नव्हता.

ऑफिसनं प्रवासाचा टाइप केलेला कागद दिला होता. मुंबईहून बोटीनं जिनोआ, आणि तिथून पुढे तीन दिवस नुसती रेल्वे. इटली, स्वित्झर्लंड, जर्मनी, डेन्मार्क, स्वीडन. मी तो कागद अंबूला गोष्टीसारखा वाचून दाखवायचो. जर्मनी संपली की आख्खी आगगाडी बोटीत चढते आणि समुद्र ओलांडते, हे ऐकलं की ती दोन्ही हात तोंडावर ठेवायची. आठवड्यात तिला सगळी स्टेशनं पाठ झाली.

आता माझ्या आईचं सांगतो. यशोदाबाई म्हणजे मावळातलं जुनं खोड. तिनं पंचांग बघून घेतलं तर मुहूर्त निघाला गुरुवारचा, आणि मी निघणार होतो मंगळवारी. मग तिनं पस्ताना ठेवायचं काढलं. पूर्वी ही रीत घरोघरी होती. मुहूर्ताच्या दिवशी निघता येत नसेल तर प्रवाशानं आपल्या अंगच्या वस्तूंचं गाठोडं बांधायचं आणि जायच्या दिशेला दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस निघाला असं धरतात. मग पाच दिवसांच्या आत आपण निघायचं, वाटेत गाठोडं उचलायचं आणि पुढं जायचं.

"माघारी आणायचं न्हाई बरं का," आई म्हणाली. "पुढं गेलेलं पुढंच जातं."

"म्हणजे आई, गाठोडं विनातिकीट जाणार तर."

"तिकीट तुझं हाय की," ती म्हणाली, आणि हसली नाही.

गुरुवारी सकाळी नऊ वीसला तिनं माझा अंगावरून काढलेला सदरा, एक धोतर, मूठभर तांदूळ, सुपारी आणि हळकुंड पांढऱ्या फडक्यात बांधलं. आकुर्डीच्या अंगाला रेल्वेचं फाटक आहे. तिथले गेटमन दत्तोबा माझ्या वडिलांचे दोस्त. त्यांच्या क्वार्टरमध्ये खुंटीला गाठोडं अडकवून मी पाळीला गेलो. थोडा उशीर झाला एवढंच.

२

सोमवारी ऑफिसातून निरोप आला. जर्मनीचा व्हिसा आलेला नाही, ही बोट चुकणार, पुढची बोट एक महिन्यानं. तोवर कामावर या. मी तोंड पाडून "बरं साहेब" म्हणालो आणि बाहेर आल्यावर जवळजवळ पळतच घरी गेलो. अंबूबरोबर आणखी एक महिना मिळाला होता.

सुमन भाकरी थापत होती. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "पोचल्यावर पत्र टाका तेवढं," ती म्हणाली. मला वाटलं, चुलीच्या आवाजात तिला नीट ऐकू आलं नसेल.

आईनं मात्र हातातलं सूप खाली ठेवलं. "उद्या पाच दिस भरत्यात. उद्या भाईर पड, लेका. तळेगावला मावशीकडं ऱ्हा म्हैनाभर. पर ह्या घरात राहू नगंस."

महिनाभर मावशीच्या ओसरीवर झोपायचं आणि तिथून रोज पाळीला यायचं, तेही एका फडक्यासाठी? मी हसण्यावारी नेलं. चूक झाली ती इथं. पोरीच्या मायेपोटी झाली, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

मंगळवारी पहिली पाळी होती. सकाळी निघताना आईनं माझ्या तळहातावर दही घातलं. सुमननं अंबूला कडेवर घेतलं होतं आणि तिचे डोळे लाल होते. "जपून जा," ती म्हणाली. म्हातारीच्या मनाचं समाधान म्हणून दोघींनी हे केलं असणार, असं मी धरलं. ओट्यावरून उतरताना मी म्हणालो, "साडेतीनला येतो." कुणी काही बोललं नाही. जाणाऱ्याला मागून हाक मारू नये म्हणतात.

साडेतीनला आलो तर घरात केर तसाच होता. माणूस लांबच्या गावाला निघाला की त्या दिवशी त्याच्या पाठीवर केर काढत नाहीत, हे मला माहीत होतं. माझं पितळी ताट घासून वरच्या फळीवर पालथं घातलेलं होतं. सुमननं मला पत्रावळीवर वाढलं.

"पानावर का गं?"

"ताट ठेवलंय उचलून," ती म्हणाली. मग तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढून घेतला, परक्या माणसासमोर घेतात तसा.

अंबू खिडकीत बसून बाहुलीशी बोलत होती. "बाबा आता बोटीत बसले," ती बाहुलीला म्हणाली.

"अगं, मी इथं आहे की."

तिनं माझ्याकडे बघितलं आणि मग आईकडे बघितलं. जेवण झाल्यावर मी पत्रावळ उचलून बाहेर टाकून आलो.

३

जहीर माझा फिटर. मिरजेहून आलेला, हाताला चांगला, मनानं त्याहून चांगला. बुधवारी त्यानं मला बॉयलर-घरात बघितलं, सुताच्या बोळ्यानं हात पुसले आणि म्हणाला, "अरे हिंदुराव, तुम्ही गेला नाही अजून?"

मी व्हिसाचं सांगितलं. तो हळहळला.

गुरुवारी तो आला, त्यानं सुताच्या बोळ्यानं हात पुसले आणि म्हणाला, "अरे हिंदुराव, तुम्ही गेला नाही अजून?"

थट्टा असेल म्हणून मी हसलो. तो हसला नाही. मी पुन्हा सगळं सांगितलं आणि तो पुन्हा तसाच हळहळला. शुक्रवारी मी त्याला बोलूच दिलं नाही. समोर जाऊन म्हणालो, "जहीर, जर्मनीचा व्हिसा आला नाही, मी महिनाभर इथंच आहे. ध्यानात ठेव." त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. हात पुसले. मग तेच वाक्य, त्याच आश्चर्यानं.

शनिवारी त्यानं विचारलंच नाही. मी दाबाच्या काट्यापुढे उभा होतो, पाठ काट्याला टेकलेली. जहीर वही घेऊन समोर आला. माझ्या छातीच्या उंचीवर नजर ठेवून त्यानं आकडा लिहिला आणि निघून गेला. मी वळून काटा बघितला. त्यानं लिहिलेला आकडा बरोबर होता.

त्याला आकडा पाठ असेल. दिवसभर दाब फारसा हलत नाही, अनुभवी माणूस न बघताही लिहील. मी स्वतःला हे समजावलं आणि पाळी पुरी केली.

४

रविवारी सुट्टी. मी दत्तोबांकडे गेलो. त्यांना मी दिसलो. नीट दिसलो, त्यांनी बसायला घोंगडी टाकली, आणि एवढ्याशा गोष्टीनं मला रडू येईल असं वाटलं.

"हिंदुराव, गाठोड्यात मीठ बांधलं हुतं व्हय?" त्यांनी विचारलं.

फडक्यावर पांढरे पट्टे उमटले होते. मी बोट लावून जिभेला लावलं. खारट. अंगावरचा सदरा होता, घामाचं मीठ वर आलं असेल, असं मी म्हणालो. दत्तोबांनी वाद घातला नाही. "आन् ते हालतंय," ते म्हणाले.

खुंटीवरचं गाठोडं हलत होतं. पंधरा पावलांवर रूळ असलेल्या घरात काय हलत नाही? गाडी गेली की भिंत हादरते. मी घड्याळ काढून बसलो. डेक्कन क्वीन रविवारच्या वेळेला कधीच गेली होती, पुढच्या वीस मिनिटांत एकही गाडी गेली नाही. त्या वीस मिनिटांत गाठोडं एका अंगाला सावकाश गेलं, थांबलं, दुसऱ्या अंगाला सावकाश गेलं. वारा असा नसतो. दत्तोबांच्या बायकोनं चहा आणला आणि ती गाठोड्याकडे न बघता आत गेली.

घरी येऊन मी ऑफिसचा कागद काढला. जी बोट माझ्यावाचून गेली होती, ती त्या दिवशी एडनच्या आसपास असायला हवी होती.

आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मला ठावं हाय." मग म्हणाली, "मला तू दिसतोस रं. पर लांब दिसतोस. नदीच्या पल्याड उभा असल्यावानी." मी तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलो होतो.

५

पुढचे दहा-बारा दिवस मी स्वतःच्या घरात कसे काढले ते कुणाला सांगून पटायचं नाही. माझं अंथरूण बाहेरच्या खोलीत पडायला लागलं. पाणी मागितलं की तांब्या उंबऱ्यापाशी ठेवला जायचा. सुमन मला कधी नावानं हाक मारत नव्हती, कुठलीच बायको मारत नाही. 'अहो' म्हणायची. ते 'अहो' केव्हा बंद झालं ते मला आठवत नाही. एका दुपारी ती म्हणाली, "भाऊ, भाकरी वाढू का?"

मी त्या दिवशी जेवलो नाही.

शेजारच्या गोजाबाई मीठ मागायला आल्या तेव्हा मी ओट्यावर स्टोव्हची पिन घालत बसलो होतो. माझाच स्टोव्ह. गोजाबाई दारात टेकल्या. "पत्र आलं का गं?"

"न्हाई अजून," सुमन म्हणाली. "बारा दिस झाले ह्यांना जाऊन. पोर रोज इचारती."

"आन् हे कोण पाव्हणे?"

"ह्यांच्या कारखान्यातले हायेत. आत्याबाईंच्या वळखीचे."

माझ्या हातातली पिन मोडली. मी उठलो, तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "सुमन, मी आहे. मी गेलोच नाही. माझ्याकडे बघ."

तिनं बघितलं. खरोखर बघितलं. कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून ती माझ्या तोंडावर काहीतरी शोधत राहिली. बिचारी मनापासून प्रयत्न करत होती. मग तिचे डोळे भरले. "तुमचा आवाज ह्यांच्यासारखा हाय," ती म्हणाली आणि आत निघून गेली. गोजाबाईंनी मीठ न घेताच घर गाठलं.

अंबूचं मन वळवता येईल अशी मला आशा होती. मोठ्या माणसांना रीतभात, शकुन असलं काहीतरी भुलवतं, लेकरू फसत नाही. दुसऱ्या दिवशी मी ओट्यावर कागद पसरून बसलो आणि मोठ्यानं वाचायला लागलो. जिनोआ. मिलान. बाझल. थोड्या वेळानं दाराआडून एक डोळा दिसला. मी तिकडे बघितलं नाही. फ्रँकफुर्ट. हाम्बुर्ग. ती बाहेर आली, खांबाला धरून उभी राहिली, मग एक पाऊल पुढे आली.

"आणि हाम्बुर्गच्या पुढे गाडी कुठं जाते?" मी विचारलं.

"बोटीत," ती म्हणाली आणि दोन्ही हात तोंडावर ठेवून हसली.

ती आता हाताच्या अंतरावर होती. तिच्या केसांना खोबरेल तेलाचा वास येत होता. मी श्वास रोखून बसलो, पाखरू उडू नये म्हणून बसतात तसा.

"तुम्हाला कसं माहीत, काका?" तिनं विचारलं. "माझ्या बाबांनी सांगितलं?"

मी हो म्हणालो.

६

कागदाप्रमाणे जिनोआहून गाडी बुधवारी संध्याकाळी सुटणार होती. गुरुवारी पाळी संपताच मी फाटकाकडे गेलो. दत्तोबा बाहेरच बसले होते, आत बसवत नाही म्हणाले.

गाठोडं गार पडलं होतं. कारखान्यात औषध ठेवायची बर्फागत थंड खोली आहे, तिथल्या लोखंडी दांडीला हात लावला की कातडी चिकटते. तसं. फेब्रुवारीचं रणरणतं ऊन पत्र्यावर पडत होतं. मी कागद बघितला. गुरुवारच्या रकान्यात आल्प्सचा बोगदा होता.

शुक्रवारी फडकं काळं झालं होतं आणि सगळ्या घरात कोळशाच्या धुराचा वास कोंदला होता. "माझी चूल लाकडाची," दत्तोबा म्हणाले. "आन् ह्या लाइनीवर इंजनं समदी इजंची. कोळसा कुठला, राव?" गाठोडं आता झोके घेत नव्हतं. खुंटीवर बारीक बारीक हिसके खात होतं, रुळांचे सांधे ओलांडताना डबा खातो तसे. मी कान लावला नाही. लावायला हवा होता की नको, ते अजून कळत नाही.

"घिऊन जावा, हिंदुराव," दत्तोबा माझा हात धरून म्हणाले. "बायको भाचीकडं गेली रुसून. पाया पडतो, पर हे घिऊन जावा."

शनिवारी सकाळी मी ऑफिसला द्यायचा अर्ज लिहिला. घरच्या अडचणींमुळे परदेशी जाण्यास असमर्थ आहे, दुसऱ्या कुणाचा विचार व्हावा. नोकरीत बढती गेली तरी चालेल. गेलोच नाही म्हणजे निघालोच नाही, आणि निघालो नाही हे सिद्ध करायला गाठोडं घरात आणायचं. मला हिशेब स्वच्छ दिसत होता. बॉयलर फार तापला तर आपण आग काढून घेतो.

आई दारात आडवी झाली. "त्ये आणू नगंस. त्ये गेलंय. तू त्याच्या मागनं जा, त्येला गाठ, मंग दोघं एक व्हाल. आन् न्हाई गाठता आलं तरी तसा जा. पर त्येला ह्या घरात आणू नगंस, तुला हात जोडते."

"आई, पोरगी मला काका म्हणते," मी म्हणालो.

ती बाजूला झाली.

दत्तोबांनी गाठोडं काठीनं खुंटीवरून काढून दिलं. ते अपेक्षेपेक्षा जड होतं. रुळांच्या कडेनं पायवाट, दुपारचं ऊन, बाभळी, गुरं वळणारा एक म्हातारा. तीनदा हात बदलला. माझ्या काखेत ते हिसके खात होतं आणि मी चालता चालता त्याला म्हणत होतो, झालं आता, आलंच घर. गावाजवळच्या ओढ्यात उतरलो तेव्हा ते थांबलं. गार नव्हतं, हिसके नव्हते, नुसतं ऊबदार होतं, नुकत्याच काढून ठेवलेल्या कपड्यांसारखं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हायसं वाटलं. मी उरलेली वाट जवळजवळ पळत गेलो.

गाठोडं उंबऱ्याच्या आत ठेवलं आणि पाय धुवायला मागच्या अंगाला रांजणाकडे गेलो. बाहेरून आल्यावर पाय धुतल्याशिवाय घरात जात नाहीत, आमच्या घरात तरी नाही.

दुसरा तांब्या पायावर ओतत होतो तेव्हा आतून सुमनचा आवाज आला.

"आलात व्हय?"

त्या दोन शब्दांत तिचं सगळं होतं. राग, लाज, रडू. इतके दिवस ज्या आवाजासाठी मी तडफडलो तो हाच. "वरसाचं सांगून गेलात आन् म्हैन्यात आलात?" ती हसत-रडत म्हणत होती, "आत्याबाई, हे आले!"

"आलो गं, आलो," मी ओरडलो आणि ओल्या पायांनी मागच्या दाराकडे धावलो.

दार अर्धं उघडं होतं. आत अंधारी होती, उन्हातून आल्यावर असते तशी. खाटेवर माझ्याकडे पाठ करून कुणीतरी बसलं होतं. सदरा चुरगळलेला, पाठीवर मिठाचे पांढरे पट्टे, कॉलर कोळशानं काळी. अंबू त्याच्या मांडीवर होती. तिचे दोन्ही हात त्याच्या गळ्यात होते आणि ती त्याच्या कानात स्टेशनं सांगत होती, एकापाठोपाठ एक, धापा टाकत. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मनगटावर वाफेनं भाजल्याचा डाग होता. मी माझं मनगट बघितलं. डाग तिथंही होता.

पुढच्या दाराच्या उंबऱ्याशी फडकं रिकामं पडलं होतं.

खाटेवरचं ते मान वळवायला लागलं. कान दिसला, मग गालाचं हाड. तेवढ्यात सुमन दारापाशी आली. तिनं मला बघितलं, पदर सारखा केला.

"भाऊ, उद्या या," ती हळू आवाजात म्हणाली. "हे आत्ताच आलेत. लई दमलेत."

आणि तिनं दार लावून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

७

मी किती वेळ रांजणापाशी बसलो होतो, ते ठाऊक नाही. सूर्य नदीच्या बाजूला उतरला होता. आई घराला वळसा घालून आली आणि माझ्याजवळ मातीतच बसली. आतून अंबूच्या हसण्याचा आवाज येत होता. ती माझ्यापाशी इतकी कधीच हसली नव्हती.

"त्याला बाहेर काढ," मी म्हणालो. "तुला माहीत आहे मी कोण आहे. तू सांगितलंस तर सुमन ऐकेल. आई, त्याला बाहेर काढ."

तिनं माझं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"त्यानं माझ्या पायावर डोकं ठिवलं रं," ती म्हणाली. "टाळूवर तुझ्यावानी तीच खूण. आई म्हणला, त्यो बी तसाच म्हणला. आत बसलाय त्यो बी माझाच हाय. मी कुणाला हाकलू?"

आम्ही दोघं अंधारून येईपर्यंत तिथं बसून रडलो आणि मग तिला आतून हाक आली. हाक मारणारा आवाज माझा होता.

आठ दिवस मी बॉयलर-घरात काढले. तिथं ऊब असते आणि कुणी मला उठवत नव्हतं. व्हिसा आला. ऑफिसातल्या कारकुनानं पासपोर्ट आणि तिकीट मान वर न करता खिडकीतून सरकवलं. न जाण्याचा अर्ज माझ्या खिशातच होता, तो मी भट्टीत टाकला. आता जाण्याला माझी ना नव्हती. तो जसा गेला तसं जायचं, एकेक स्टेशन अंगावर घ्यायचं आणि प्रवास करून आलेला माणूस म्हणून त्याच दारात उभं राहायचं. मग कदाचित माझं ताट खाली निघेल. कदाचित. याला अक्कल म्हणत नाहीत, मला कळतं. पण बुडत्याला काडीचा आधार, आणि माझ्यापाशी दुसरी काडी नव्हती.

चिंचवड स्टेशनवर सकाळी अकराच्या गाडीला मला पोचवायला कुणी नव्हतं. खिडकीशी जागा मिळाली. गाडी हलली, वेग धरायला लागली, आणि आकुर्डीच्या फाटकाजवळ आली. फाटक बंद होतं. दत्तोबा हिरवं निशाण धरून उभे होते. त्यांच्यामागे दोन बैलगाड्या, सायकलवाले, आणि त्यांच्यात सुमन, नवी साडी नेसलेली. तिच्या शेजारी एक माणूस होता. गाडी नीट दिसावी म्हणून त्यानं अंबूला खांद्यावर घेतलं होतं. तिच्या झग्याच्या घेरामागे त्याचं तोंड झाकलं गेलं होतं.

मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो. "अंबू," मी ओरडलो. "अंबू, इकडे बघ. अंबू."

ती येणाऱ्या प्रत्येक डब्याला हात करत होती. माझा डबा समोर आला तेव्हा तिनं मला बघितलं, हसली आणि हात केला. मग मागच्या डब्यालाही तसाच केला.